छपराखालचे मैदान आणि एक प्रशिक्षक

व्याख्यान संपल्यावर आमच्याकडे दोन प्रश्न आले. पहिला एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा. “या खेळाला तुम्ही फुटबॉल म्हणता, पण यात पाय लागतो कोठे?” दुसरा प्रश्न एका वृद्ध गृहस्थांचा. उमेदीची वर्षे त्यांनी तालमीत घालविलेली होती, हे त्यांच्या बसण्यावरूनच दिसत होते. ते म्हणाले, “तुमचा हा गडी लहान मैदानावर जिंकत होता, हे ऐकले. पण ज्याला मोठ्या मैदानाने कधी उभे करून घेतले नाही, त्याने मोठ्या मैदानावरच्या गड्यांना शिकवावे काय?” पहिल्या प्रश्नाला आम्ही हसून उत्तर दिले. दुसऱ्याला उत्तर देण्याइतका वेळ उरला नव्हता. आणि खरे सांगायचे तर उत्तरही तयार नव्हते. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

परंतु प्रथम खेळाची ओळख करून देणे प्राप्त आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरून पळवायचा असतो किंवा फेकायचा असतो. पाय लागतो तो क्वचित. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. मैदान १०० यार्ड लांब, त्याच्या दोन्ही टोकांना आणखी दहा-दहा यार्डांची पट्टी, आणि रुंदी १६० फूट. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू ज्या संघाच्या ताब्यात असेल त्याला चार डाव मिळतात. चार डावांत दहा यार्ड मुलूख मिळविला तर आणखी चार डाव. न मिळविला तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चेंडू घेऊन टोकाच्या पट्टीत शिरले की सहा गुण. हुतूतू पाहिलेल्या माणसाला यात अनोळखी असे फारसे काही नाही. पुढे घुसायचे, अंगावर येणाऱ्यांच्या मिठीतून सुटायचे, आणि धरले गेलो तरी जाता जाता हात-दोन हात जमीन मिळवायची. आपल्याकडे २०१२ साली या खेळाचे संघ उभे करण्याचा एक प्रयत्न झाला, आणि त्यांत ‘पुणे मराठाज’ या नावाचाही संघ होता. सामने मात्र झाले कोलंबोत, त्यामुळे पुणेकरांना आपल्या संघाचा पराक्रम पडद्यावरच पाहावा लागला.

या खेळात प्रत्येक डावाच्या आरंभी मधला गडी चेंडू आपल्या दोन पायांमधून मागे देतो. तो ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. त्याच्यावर धावून येणारे गडी आडदांड असतात. ते पोचण्यापूर्वी, म्हणजे दोन-तीन सेकंदांच्या अवधीत, त्याने पाहायचे, ठरवायचे आणि चेंडू टाकायचा. कोणता डाव खेळायचा हे बहुधा प्रशिक्षक ठरवितो. अमेरिकेच्या राष्ट्रीय लीगमध्ये १९९४ सालापासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात एक लहानसा रेडिओ बसविण्यात येतो, आणि त्यातून प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या कानात येत राहतो. परंतु डाव सुरू करण्याच्या मुदतीतील पंधरा सेकंद उरले की हा आवाज आपोआप बंद होतो. गुरू आणि शिष्य यांच्यामधील या पंधरा सेकंदांच्या शांततेकडे वाचकांनी लक्ष द्यावे. सगळी विद्या शिकवून झाल्यावर जे उरते ते तेथे दिसते.

आता छपराखालच्या खेळाकडे वळू. १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या बंदिस्त क्रीडागृहात आपल्या ओळखीच्या फुटबॉलचा, म्हणजे पायाने खेळायच्या फुटबॉलचा, सामना चालू होता. प्रेक्षकांत जिम फॉस्टर नावाचा एक गृहस्थ होता. पायाचा फुटबॉल जर छपराखाली आणता येतो, तर हाताचा का आणता येऊ नये, असे त्याच्या मनात आले, आणि जवळच्या एका मोठ्या लिफाफ्यावर त्याने मैदानाचा आराखडा काढला. इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे १९८६ साली प्रायोगिक सामना झाला. १९८७ साली चार संघांची लीग सुरू झाली. १९९० साली फॉस्टरला या खेळाच्या रचनेचे पेटंटही मिळाले. खेळाचे पेटंट ही कल्पना आम्हांस अजूनही पचलेली नाही. विटीदांडू कोणी असा नोंदवून ठेवला असता तर आमच्या पिढीचे निम्मे बालपण कोर्टात गेले असते. असो.

फॉस्टरचे मैदान बर्फावरच्या हॉकीच्या रिंगणात बसेल एवढे : ५० यार्ड लांब, ८५ फूट रुंद, आणि टोकाची पट्टी आठ यार्डांची. गडी आठ-आठ. कडेला रेघ नाही, गादी लावलेली भिंत आहे. तिच्यावर गडी आदळतात आणि कधी कधी पहिल्या रांगेतील प्रेक्षकांच्या मांडीवर जाऊन पडतात. गोलाच्या खांबांच्या दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद आणि ३२ फूट उंच अशी ताणलेली जाळी असते. तिच्यावर आपटून परत आलेला चेंडू मेलेला धरीत नाहीत. जमिनीला लागण्यापूर्वी जो झेलील त्याचा तो. मोठ्या मैदानावर चौथ्या डावाला अंगाशी येत आहे असे वाटले तर चेंडू लाथेने दूर उडवून देण्याची सोय असते. येथे ती सोयच काढून टाकलेली आहे. शिवाय अनेक वर्षे असा नियम होता की बहुतेक गड्यांनी चढाईतही खेळायचे आणि बचावातही. याला ते लोखंडी गड्यांचा खेळ म्हणत. या कष्टातून ज्या थोड्यांना सूट होती त्यांत क्वार्टरबॅक होता.

या सर्वांचा परिणाम एकच होतो. गुण धो-धो पडतात. पन्नास-साठ गुण करूनही संघ हरतो. त्यामुळे क्वार्टरबॅकच्या मनावरचा भार उलटा असतो. मोठ्या मैदानावर गुण मिळविला तर वाहवा. येथे मिळविणे गृहीतच, एखादी खेप वाया गेली तर सामना गेला. फेक आखूड, वेळ त्याहून आखूड, आणि भिंत जवळ. ज्याला विचार करण्यास वेळ लागतो त्याच्यासाठी हे मैदान नाही. विचार अगोदरच करून ठेवावा लागतो. इतर गडी बचावात झुंजत असतात तेव्हा हा कडेच्या बाकावर बसून पुढच्या खेपेची मांडणी करीत असतो. आमच्या मते त्याच्यातला शिक्षक घडतो तो याच बाकावर.

आता मूळ पुरुषाकडे. त्याचे नाव जे ग्रूडन. ‘जे’ या नावाचा मराठी सर्वनामाशी घोटाळा होऊ नये म्हणून आम्ही त्याला आडनावानेच ओळखू. त्याचा जन्म ४ मार्च १९६७ रोजी ओहायो राज्यातील टिफिन या गावी झाला. घर प्रशिक्षकाचे. वडील जिम ग्रूडन यांनी विद्यापीठांच्या संघांना शिकविले, आणि पुढे फ्लॉरिडातील टँपा या शहरी व्यावसायिक संघात साहाय्यक म्हणून काम केले. त्यामुळे मुलाचे शालेय शिक्षण टँपात झाले. थोरला भाऊ जॉन, त्याचे नाव पुढे येईलच. केंटकी राज्यातील लुइव्हिल विद्यापीठाकडून ग्रूडन चार हंगाम क्वार्टरबॅक म्हणून खेळला. हॉवर्ड श्नेलेनबर्गर हे तेथील प्रशिक्षक होते. त्यानंतर दर वर्षी होणाऱ्या राष्ट्रीय लीगच्या निवडीत बारा फेऱ्या झाल्या, तीनशेहून अधिक तरुण निवडले गेले, आणि त्यांत ग्रूडनचे नाव नव्हते.

१९९१ साली छपराखालच्या लीगमधील पिट्सबर्गचा संघ स्थलांतर करून टँपात आला आणि त्याने ‘स्टॉर्म’ म्हणजे वादळ हे नाव घेतले. घरचे गाव, नवा संघ आणि रिकामा हात, असा योग जुळून आला. पहिल्याच हंगामात अंतिम सामन्यात त्यांनी डेट्रॉइटला ४८–४२ असे हरविले. १९९२ साली ग्रूडन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे १९९३, १९९५ आणि १९९६ अशी आणखी तीन अजिंक्यपदे आली. एका क्वार्टरबॅकच्या नावावर चार अजिंक्यपदे ही लहान गोष्ट नव्हे. पण हे सामने होत उन्हाळ्यात, मोठ्या लीगच्या सुट्टीच्या काळात. आणि मोठ्या लीगचे दार उघडले नाही.

यांतील १९९६ चा अंतिम सामना आम्ही मुद्दाम थांबून सांगतो. तो आयोवा राज्यात डे मॉइन येथे झाला. टँपाने यजमान संघाला ४२–३८ असे हरविले. हरलेल्या संघाचा क्वार्टरबॅक होता कर्ट वॉर्नर. वॉर्नरलाही राष्ट्रीय लीगने निवडले नव्हते. १९९४ साली ग्रीन बेच्या संघाने त्याला सरावाला बोलावून परत पाठविले होते, आणि त्यानंतर तो एका किराणा दुकानात रात्रपाळीला, तासाला साडेपाच डॉलर मजुरीवर, फळ्यांवर माल रचीत असे. १९९८ साली तो युरोपातील लीगमध्ये ॲमस्टरडॅमकडून खेळला, पुढच्या वर्षी सेंट लुइसच्या संघात दुय्यम क्वार्टरबॅक झाला, मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यावर त्याची जागा त्याला मिळाली, आणि ३० जानेवारी २००० रोजी त्याने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना जिंकून दिला. २०१७ साली त्याला मानाच्या दालनात स्थान मिळाले. म्हणजे त्या संध्याकाळी डे मॉइनमध्ये समोरासमोर असलेल्या दोघांपैकी हरलेला मोठ्या मैदानावर गेला, आणि जिंकलेल्याने हातातला चेंडू खाली ठेवला. यात न्याय शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. वॉर्नर त्या वेळी पंचविशीत होता, ग्रूडन तिशीच्या उंबरठ्यावर. एवढे मात्र खरे.

१९९७ साली ग्रूडन नॅशव्हिल येथील नव्या संघात चढाईचा प्रशिक्षक झाला, आणि १९९८ साली ऑर्लँडोचा मुख्य प्रशिक्षक. ऑर्लँडो आणि टँपा ही एकाच महामार्गावरची दोन शहरे. त्यांचे वैर त्या लीगमध्ये प्रसिद्ध होते. त्याच वर्षी अंतिम सामन्यात या दोन संघांची गाठ पडली, आणि ग्रूडनच्या नव्या संघाने त्याच्या जुन्या संघाचा ६२–३१ असा फडशा पाडला. ज्यांना चार अजिंक्यपदे मिळवून दिली त्यांनाच धूळ चारली. १९९९ साली अंतिम सामन्यात हार झाली. २००० साली ४१–३८ अशी पुन्हा जीत. त्या वेळी हरलेला संघ नॅशव्हिलचा, म्हणजे जेथे त्याने शिकविण्याचा श्रीगणेशा केला तो.

पुढचा भाग विलक्षण आहे. २००२ साली भाऊ जॉन टँपाच्या मोठ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याने धाकट्याला साहाय्यक म्हणून घेतले. त्याच वर्षी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी धाकटा ऑर्लँडोकडून पुन्हा खेळायला उतरला. म्हणजे एका हंगामात प्रशिक्षकाच्या कागदांत डोके घालायचे आणि दुसऱ्या हंगामात भिंतीवर अंग आपटून घ्यायचे. त्याचा ऑर्लँडोतील पूर्वीचा सहकारी फ्रॅन पापासेडेरो आता मुख्य प्रशिक्षक होता. जो काल हाताखाली होता त्याच्या हाताखाली ग्रूडन खेळला. जानेवारी २००३ मध्ये जॉनच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पापासेडेरो मोटार-अपघातात मरण पावला. २००४ साली ग्रूडन पुन्हा ऑर्लँडोच्या प्रशिक्षकाच्या जागी आला आणि २००८ पर्यंत राहिला. तिसरे अजिंक्यपद मात्र मिळाले नाही; २००६ च्या अंतिम सामन्यात ६१ गुण करूनही संघ हरला.

२००९ साली छपराखालच्या लीगचा हंगामच झाला नाही. पैशाचे गणित कोसळले. ग्रूडन एका नव्या, अल्पायुषी लीगमधील फ्लॉरिडाच्या संघात गेला. तेथे त्याच्या हाताखाली विशीतला एक तरुण आला : शॉन मॅकव्हे. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. २०११ साली सिनसिनाटीच्या मोठ्या संघाने ग्रूडनला चढाईचा प्रशिक्षक नेमले. त्याच वर्षी त्या संघात अँडी डाल्टन हा नवखा क्वार्टरबॅक आला होता. या जोडीच्या तिन्ही हंगामांत संघ बाद फेरीत पोचला आणि तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात बाहेर पडला. जानेवारी २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने ग्रूडनला मुख्य प्रशिक्षक केले. निवडीत ज्याचे नाव पुकारले गेले नव्हते तो राजधानीच्या संघाचा धनी झाला, असे कोणी म्हणेल. पण मोठ्या लीगमधील मुख्य प्रशिक्षक धनी नसतो. त्याच्यावर मालक असतो, व्यवस्थापक असतो. गडी कोणते आणायचे यात त्याचा आवाज अनेकांपैकी एक. आठ गड्यांच्या खेळात ग्रूडनला सगळे घर एका नजरेत दिसत होते. येथे घराला मजले होते.

त्या संघात २०१२ च्या निवडीतून आलेले दोन क्वार्टरबॅक होते. रॉबर्ट ग्रिफिन हा संपूर्ण निवडीत दुसरा, देशभर गाजलेला. पुढे गुडघ्याला मोठी दुखापत झालेला. कर्क कझिन्स हा १०२ वा. २०१५ च्या हंगामापूर्वी ग्रूडनने कझिन्सला उभे केले. त्यावर पुष्कळ टीका झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये टँपाविरुद्ध, म्हणजे ग्रूडनच्या गावच्याच संघाविरुद्ध, वॉशिंग्टन ०–२४ असे मागे पडले होते. कझिन्सने तो सामना ३१–३० असा जिंकून दिला. त्या वर्षी संघ आपल्या गटात पहिला आला. पुढच्या वर्षी कझिन्सच्या फेकींचे ४,९१७ यार्ड झाले. ज्याला कोणी निवडले नव्हते त्याला निवड-क्रमांकाचा मोह पडला नाही, एवढे आम्ही खात्रीने म्हणू.

आणखी एक गोष्ट त्याने २०१५ साली केली, आणि आमच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. मॅकव्हे त्याच्याबरोबर वॉशिंग्टनला होता. सामन्यात डाव पुकारण्याचे काम ग्रूडनने त्याच्याकडे सोपविले. हे काम म्हणजे ग्रूडनची स्वतःची विद्या. ज्यासाठी त्याला बोलावले होते तीच. ती त्याने एका २९ वर्षांच्या तरुणाच्या हाती दिली आणि आपण बाजूस उभा राहिला. दोन हंगामांनंतर, जानेवारी २०१७ मध्ये, लॉस अँजेल्सच्या संघाने मॅकव्हेला मुख्य प्रशिक्षक म्हणून नेले. आधुनिक काळातील त्या लीगचा तो सर्वांत तरुण मुख्य प्रशिक्षक.

यानंतर वॉशिंग्टनमध्ये उतरण लागली. २०१८ च्या आरंभी कझिन्स दुसऱ्या संघात गेला. त्याच्या जागी आलेल्या ॲलेक्स स्मिथने नऊपैकी सहा सामने जिंकून दिले, आणि १८ नोव्हेंबर २०१८ रोजी त्याचा पाय असा मोडला की पुढे त्यावर १७ शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. थोड्याच दिवसांत त्याच्या जागी आलेल्या क्वार्टरबॅकचाही पाय मोडला. संघ ७ विजय आणि ९ पराभवांवर थांबला. २०१९ साली पहिले पाचही सामने गेले, आणि ७ ऑक्टोबर रोजी ग्रूडनला काढून टाकण्यात आले. एकूण हिशेब : ३५ विजय, ४९ पराभव, एक बरोबरी. त्याच महिन्याच्या अखेरीस छपराखालच्या लीगने आपल्या संघांचे कामकाज बंद केले, आणि नोव्हेंबरात दिवाळखोरीचा अर्ज दिला. टँपाचा ‘स्टॉर्म’ त्यापूर्वीच, २०१७ च्या डिसेंबरात, मिटला होता. ऑर्लँडोचे ते जुने क्रीडागृह तर २०१२ च्या मार्चमध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले होते.

आता तालमीतल्या गृहस्थांचा प्रश्न. आकडेच पाहिले तर उत्तर त्यांच्या बाजूने जाते; ३५ आणि ४९ यांत झाकण्यासारखे काही नाही. पण लहान मैदानाने ग्रूडनला जे शिकविले होते, म्हणजे कमी जागेत, कमी वेळात कोठे पाहायचे आणि चेंडू केव्हा हातावेगळा करायचा, ते त्याच्या क्वार्टरबॅकांच्या खेळात उतरले होते, हे डाल्टन आणि कझिन्स यांच्या बाबतीत दिसते. लहान मैदानाने जे शिकविले नव्हते ते मजल्यांच्या घरात राहणे. तेथे तो चुकला की घर चुकले, यावर अमेरिकेत मतभेद आहेत. आमचा कल घराकडे बोट दाखविण्याचा आहे, परंतु पाच वर्षांहून अधिक काळ मिळालेल्या माणसाला सगळे माफ करता येत नाही.

१३ फेब्रुवारी २०२२ रोजी मॅकव्हेच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, २३–२०, सिनसिनाटीविरुद्ध. हे सर्व आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना व्याख्यानानंतर पत्राने कळविले. त्यांचे पोस्टकार्ड आठवड्याच्या आत आले. मजकूर एका ओळीचा होता : हा मॅकव्हे स्वतः मोठ्या मैदानावर कोठे खेळला? आम्ही उत्तर धाडले आहे की, ओहायोतील मायॅमी विद्यापीठाकडून तो फेकी झेलणारा गडी म्हणून खेळला. राष्ट्रीय लीगमध्ये एकही सामना नाही.